गरजूंची चाळणी

लाडकी बहीण योजनेच्या छाननीवरून आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अजून खडाजंगी चालू आहे. महिना 1,500 रुपये, वय 21 ते 65, घरचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत, अशी ही योजना जुलै 2024 पासून सुरू झाली. पुढे यादीत सरकारी नोकरीतल्या बायका निघाल्या, चक्क पुरुषही निघाले, आणि मग ई-केवायसी आली. काकांचं म्हणणं, ‘फुकट्यांना हाकला, खऱ्या गरजूंनाच द्या.’ ऐकायला चोख आहे. पण हाच प्रयोग मी इथे इंग्लंडमध्ये फसताना पाहिलाय.

इथे 1997 पासून पेन्शनरांना हिवाळ्यात घर गरम ठेवायला पैसे मिळायचे, अलीकडे 200 ते 300 पौंड, गरीब-श्रीमंत न बघता. जुलै 2024 मध्ये मजूर पक्षाच्या नव्या सरकारच्या अर्थमंत्री रेचल रीव्हज यांनी जाहीर केलं, की इंग्लंड-वेल्समध्ये यापुढे फक्त गरजूंना. गरजू म्हणजे कोण, तर मुख्यतः ज्यांना ‘पेन्शन क्रेडिट’ हा पूरक भत्ता मिळतो ते. त्या भत्त्याचा अर्ज दोनशेहून जास्त प्रश्नांचा. हक्क असूनही तो न घेणारी घरं सरकारच्याच अंदाजाने 8 लाख 80 हजारांपर्यंत. कोटीभर म्हाताऱ्यांचे पैसे एका फटक्यात गेले, बोंबाबोंब झाली आणि जून 2025 मध्ये सरकारने माघार घेतली. आता द्यायचं जवळपास सगळ्यांना, पण वर्षाला 35,000 पौंडांवर उत्पन्न असेल त्याच्याकडून करातून परत घ्यायचं.

हक्काचे पैसे लोक सोडतात कशाला? अर्ज किचकट हे एक कारण, पण लाजही मोठी. इथे एखाद्याला ‘नीडी’ (गरजू) म्हणणं ही जवळजवळ शिवी आहे. सतत गळ्यात पडणाऱ्या माणसाबद्दल ते वापरतात. आपल्याकडे ‘गरीब व होतकरू’ असं अर्जात लिहिताना कुणाचा हात अडत नाही. (तलाठ्याकडून उत्पन्नाचा दाखला काढून ईबीसीची फी-सवलत घेतलेले कितीतरी जण आज इथल्या मराठी मंडळात ‘आपल्या करावर हे लोक जगतात’ म्हणून कुरकुरतात, तो भाग वेगळा.)

मी अधूनमधून शनिवारी फूड बँकेत हात लावायला जाते. डॉक्टरने किंवा शाळेने दिलेलं व्हाउचर दाखवलं की तीन दिवसांचा शिधा. आधी आम्ही विचारतो: घरी डबे उघडायचा ओपनर आहे? विजेच्या प्रीपेड मीटरमध्ये पैसे आहेत? नसतील तर निराळी पिशवी, नुसत्या केटलच्या गरम पाण्यावर भागेल अशी: कपातलं सूप, नूडल्स, बटाट्याची पावडर. परवा एक बाई आली, कोटाची चेन गळ्यापर्यंत ओढलेली. पिशवी उचलायला वाकली तेव्हा आतला वृद्धाश्रमाचा गणवेश दिसला. नोकरी आहे, पगार आहे. निकषांच्या कागदावर ही बाई कुठे बसवायची?

तिकडे ई-केवायसीला नवऱ्याचा नाहीतर वडिलांचा आधार मागत होते. माझ्या मावशीकडे पोळ्यांना येणाऱ्या ताईंचे दोघेही हयात नाहीत. सवलत आणि मुदतवाढ नंतर आली. तोवर सेतू केंद्राचे खेटे आणि बुडालेली मजुरी त्यांच्याच माथी. खोटे कागद करणारा माणूस कागदात पटाईतच असतो. चाळणी बारीक केली की तो सुटतो आणि अडकतात ताई.

सरकारी तिजोरी सगळ्यांना पुरणार नाही, हा काकांचा मुद्दा मात्र मला मान्य आहे. इंग्लंडसारखं ‘आधी द्या, मग करातून काढा’ महाराष्ट्रात चालणार नाही, कारण आयकर भरणारेच थोडे. पण 1972 च्या दुष्काळात आपण याहून साधं उत्तर काढलं होतं. वि. स. पागे यांच्या रोजगार हमीत ‘मागेल त्याला काम’ होतं. भर उन्हात खडी फोडायला जो येईल तो गरजू, दाखला कशाला? म्हाताऱ्या-आजाऱ्यांना ते उत्तर पुरत नाही, हेही खरं.

त्यांच्यासाठी शोधच घ्यावा लागेल. 2025 मध्ये अंगणवाडी सेविकांना लाभार्थींच्या दारात चारचाकी उभी आहे का हे बघायला पाठवलं होतं. त्याच खेपेत, जिचं नाव यादीत हवं होतं पण नाही, अशा बाईचंही दार ठोठावायला सांगितलं असतं तर? अपात्र किती निघाल्या ते काकांना तोंडपाठ आहे. बाहेर राहिलेल्यांचा आकडा ग्रुपवर अजून कुणी मागितलेला नाही.