तरतूद आहे हो, तक्रार करणारा नाही

ग्रामपंचायत सदस्यांनी पंचायतीचीच कामं घेण्यावरच्या एका लेखात 'गावपातळीवर हितसंबंध रोखणारी तरतूदच नाही' असं वाक्य आहे, ते चुकीचं आहे. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमातलं कलम १४ वाचा. पंचायतीच्या कामात किंवा ठेक्यात सदस्याचा स्वतःचा वा भागीदारामार्फत, प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष हिस्सा असेल तर तो अपात्र ठरतो. निर्णय जिल्हाधिकारी देतात. अडचण पुढे आहे. 'अप्रत्यक्ष' सिद्ध कोण करणार?

मी पाच वर्षं सदस्य होतो. एकदा पथदिव्यांची बिलं मंजुरीला आली. सहज पावत्या चाळल्या तर नंबर ओळीने, ७, ८, ९. तारखांत मात्र दोन-दोन महिन्यांचं अंतर. म्हणजे त्या दुकानाला आमच्याशिवाय गिऱ्हाईकच नव्हतं! दुकान सरपंचांच्या मेव्हण्याचं, हे चहावाल्या पोरालाही ठाऊक. मासिक सभेत विचारलं तर ग्रामसेवक हळूच म्हणाले, "भाऊ, नाव मेव्हण्याचं आहे, कागद स्वच्छ आहे."

सरकारी जागेवरच्या अतिक्रमणाच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कुटुंबाचं अतिक्रमणही सदस्याला भोवेल असं ठरवलं. ठेक्यांना तोच न्याय का नको? आणि हो, बिलं त्या दिवशी मंजूर झाली. विरोधात हात एकच होता.