शुक्रवारचा शो बंद होतोय

आज दुपारी मेल आला. इथे शिकागोत एका बारच्या मागच्या खोलीत दर शुक्रवारी इम्प्रोव्ह, म्हणजे प्रेक्षकांनी सुचवलेल्या गोष्टीवर तिथल्या तिथे रचलेलं विनोदी नाटक, करणारी आमची लाडकी टीम या महिन्यापासून नियमित शो थांबवतेय. मी तो मेल आपल्या मराठी ग्रुपवर टाकला. पहिलं उत्तर काय यावं? "नेटफ्लिक्सवर कॉमेडी कमी पडली का?" तेव्हापासून डोकं फिरलंय माझं.

अरे, नेटफ्लिक्सवरचा माणूस तुम्हाला विचारतो का, की आज कशावर करू?

माझे बाबा कुडाळचे. इथे आले होते तेव्हा त्यांना या शोला नेलं होतं. इंग्रजी बेताचंच, त्यामुळे कंटाळतील अशी मला धास्ती. सुरुवातीला स्टेजवरून विचारलं, अशी एक जागा सांगा जिथे तुम्ही खूप वेळ वाट पाहिलीय. बाबांनी थेट हात वर केला. "एसटी स्टँड, कणकवली!" आणि पुढे स्वतःच, "बस नॉट कमिंग." कोणी फिदीफिदी हसलं नाही. एक उंच मुलगा खुर्ची ओढून बसला, रस्त्याकडे बघितलं आणि अगदी बाबांच्याच सुरात म्हणाला, "बस नॉट कमिंग." झालं. पुढचा अर्धा तास ती बस आलीच नाही.

बाबा हसून हसून रडले. बाहेर आल्यावर म्हणाले, "गो, ह्यां तर आपला दशावतार!" खरंच आहे ते. दशावतारात लिहिलेली संहिता नसते. कुठलं आख्यान करायचं ते ठरतं, कोण कुठली भूमिका करणार ते ठरतं, आणि मग देवळासमोर रात्रभर जो तो आपलं बोलणं तिथल्या तिथे उभं करतो. समोरच्याने टाकलेलं वाक्य उचलायचं, पुढे न्यायचं. तिथे एक बाकडं, तेच सिंहासन. इथे दोन खुर्च्या, त्याच एसटी स्टँड.

आणि हे होतंय कुठे? शिकागोत! स्थलांतरितांच्या मुलांसोबत काम करताना भाषेच्या, संस्कृतीच्या भिंती ओलांडता याव्यात म्हणून व्हायोला स्पोलिनबाईंनी जे नाट्यखेळ रचले, ते याच शहरात. त्यांच्या मुलाने, पॉल सिल्सने, मित्रांबरोबर १९५९ मध्ये सेकंड सिटी हे विनोदी थिएटर सुरू केलं ते त्याच खेळांच्या जोरावर. म्हणजे ही कला मुळात आपल्यासारख्यांसाठीच, परक्या गावात येऊन तोंड उघडायला घाबरणाऱ्यांसाठी घडली. आणि आपण काय करतो? मुंबईहून नाटक आलं की भरमसाट तिकीट काढून पहिल्या रांगेत बसतो, फोटो टाकतो. घरापासून तासाभरावर, पिझ्झाच्या पैशात हे चाललेलं असताना तिकडे फिरकत नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या पार्किंगचा कंटाळा येतो आपल्याला!

हो, सगळेच शुक्रवार रंगायचे नाहीत. काही तर फार रटाळ गेले, मान्य.

पण बाबांची ती बस. या लोकांची हॅरॉल्ड नावाची पद्धत आहे, डेल क्लोज आणि शार्ना हॅल्पर्न यांच्या आयओ थिएटरने नावारूपाला आणलेली. एकाच शब्दावरून वेगवेगळे प्रवेश सुरू करायचे, मग फिरून फिरून त्यांच्याकडे यायचं, शेवटी धागे एकमेकांत गुंतवायचे. त्या रात्री स्टँडवर वाट बघता बघता दोघांचं लग्न ठरलं, लागलं, त्यांचं पोर शाळेत जायला लागलं. शेवटी बस आली तेव्हा कोणीच चढेना, कारण आता तेच त्यांचं घर! असा प्रयोग परत होत नाही. त्याचं रेकॉर्डिंग नाही, आणि असतं तरी त्यात बाबांचा हात वर जातानाची ती खोली नसती.

२०२० मध्ये आयओ बंद झालं तेव्हा किती हळहळलो होतो आपण सगळे. ते २०२२ मध्ये पुन्हा उघडलं, नवे मालक मिळाले. मोठ्या नावाला मालक मिळतो हो. बारमागच्या खोलीला कोण मिळणार? तिथे आता मोठे टीव्ही लागणार आहेत म्हणे.

टीमवर मात्र रागावता येत नाही. दिवसभर नोकऱ्या, घरी लहान मुलं, आणि शोचे पैसे वाटून घेतले की हातात काहीच उरत नाही. थकलेत ते, दिसतंय.

मघाशी बाबांना फोनवर सांगितलं. ते आता प्रवास करू शकत नाहीत, पण दर खेपेला विचारतात, "तुमची बस इली काय?" आज जरा गप्प राहिले. मग म्हणाले, "मगे आता ती माणसां खंय जातली?" मला काही उत्तर देता आलं नाही.

शेवटचा शो येत्या शुक्रवारी रात्री आठला आहे. मी नेपरव्हिलहून सहाला निघतेय, गाडीत तीन जागा आहेत. यायचं असेल तर कमेंटमध्ये सांगा, आणि खरंच या. त्यांनी काही विचारलं तर मोठ्याने उत्तर द्या, मराठीत दिलंत तरी चालेल.