‘देवयानी’ची टक्कर आणि २,१०० रुपयांचे यंत्र

देवयानी दीर्घिका (आपल्या आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा दुसरा प्रचंड समूह) आपल्या आकाशगंगेवर आदळू लागली आहे, तारे एकमेकांवर फुटणार आहेत, आकाशगंगेच्या मध्यातले कृष्णविवर सूर्याला ओढून घेत आहे आणि हे सारे नासाने कबूल केले आहे, असे सांगणारी चित्रफीत फिरतफिरत आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर आली. रामबागेत राहणाऱ्या माझ्या मावशीने त्या चित्रफितीच्या शेवटी विकायला ठेवलेले ‘दीर्घिका-दोष निवारण यंत्र’ २,१०० रुपयांना मागवूनही घेतले, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

ताऱ्यांच्या टकरीचा मुद्दा सर्वांत हास्यास्पद. सूर्य मोहरीच्या दाण्याएवढा मानून इंदूरच्या राजवाड्यासमोर ठेवला, तर पृथ्वी त्यापासून वीतभरसुद्धा दूर नसेल. पण सर्वांत जवळचा दुसरा तारा सुमारे ४० किलोमीटरवर, म्हणजे थेट देवासच्या आसपास असेल. इतक्या विरळ दाण्यांचे दोन थवे एकमेकांतून गेले, तरी दाण्यावर दाणा आपटणे जवळजवळ अशक्यच. वायूचे ढग मात्र आदळून दाबले जातात आणि त्यांतून नवे तारे जन्मतात. तेव्हा टक्कर झालीच, तर तीत मर्तिकांपेक्षा बारशी अधिक होतील.

नासाच्या कबुलीत अर्धे सत्य आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. हबल दुर्बिणीच्या मोजमापांवरून सुमारे ४०० कोटी वर्षांनी समोरासमोर टक्कर होईल, असे २०१२ मध्ये खरोखरच जाहीर झाले होते. परंतु हेलसिंकी विद्यापीठाचे टिल सावाला आणि सहकाऱ्यांनी गाया व हबल या अवकाश दुर्बिणींची नवी मोजमापे वापरून, मोठ्या मॅजेलन मेघाची (आपल्या आकाशगंगेजवळच्या एका लहान दीर्घिकेची) ओढही हिशेबात धरून केलेला अभ्यास जून २०२५ मध्ये ‘नेचर अ‍ॅस्ट्रॉनॉमी’त प्रसिद्ध झाला, त्यानुसार पुढील १,००० कोटी वर्षांत या दोन दीर्घिका एक होण्याची शक्यता जेमतेम निम्मी आहे. छापा-काट्याहून अधिक भरवसा त्यात नाही. देवयानी आजही २५ लाख प्रकाशवर्षे दूर आहे.

कृष्णविवराविषयी थोडक्यात: ते सुमारे ४० लाख सूर्यांच्या वस्तुमानाचे असले, तरी आपल्यापासून २६,००० प्रकाशवर्षांवर आहे आणि सूर्य आकाशगंगेच्या केंद्राभोवती फिरतो आहे, आत घसरत नाही.

खरी भीती घालायचीच होती, तर सूर्याची घालता आली असती, कारण त्याची प्रखरता वाढत जाऊन साधारण १०० कोटी वर्षांत पृथ्वीवरचे समुद्र आटू लागतील; त्याबद्दल चित्रफितीत अवाक्षर नाही. यंत्र परत घेतले जाणार नाही, असे पावतीवर छापलेले आहे, आणि मावशीने ते देवघरात टाकांशेजारी मांडून ठेवले आहे.