जंगल आणि चमकतं पाणी एकाच दिवशी: एका नाराज प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. प्वेर्तो रिको या कॅरिबियन बेटावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: "सान हुआनहून एल युन्केचं जंगल आणि फाहार्दोचं चमकतं पाणी अशी एकत्र सहल तुमच्या सांगण्यावरून घेतली. जंगल म्हणजे नदीतली एक डुबकी, पाणी काळंच, आणि हॉटेलवर यायला रात्रीचे अकरा. यापेक्षा कोकणात निळ्या लाटा फुकट दिसतात."

जंगलाबद्दल तुमचं बरोबर आहे. "एकत्र घ्या" असं सरसकट लिहायला नको होतं. दुपारी निघणाऱ्या सहलीत जंगलाला दोन-तीन तास मिळतात, आणि कित्येक गाड्या मुख्य १९१ क्रमांकाच्या रस्त्याने वर न जाता कडेच्या एखाद्या डोहावर नेतात. योकाहू बुरूज, ला कोका धबधबा, माउंट ब्रिटनची चढण यातलं काहीच वाट्याला येत नाही. म्हणून पैसे भरण्याआधी एकच विचारायचं: गाडी नेमकी कुठे थांबणार?

काळ्या पाण्याचा दोष मात्र सहलीचा नाही, तिथीचा आहे. पुढे तुम्हीच लिहिलंय की पौर्णिमा दोन दिवसांवर होती. तेव्हा चंद्र सूर्यास्ताआधीच उगवलेला असतो आणि पहाटेपर्यंत मावळत नाही, त्यामुळे कुठलीही वेळ घेतली तरी सुटका नाही. पायरोडिनियम हा एकपेशीय जीव वल्ह्याने पाणी ढवळलं की क्षणभर निळा चमकतो. चांदण्यात ती चमक डोळ्यांना जेमतेम जाणवते.

आपल्याला हे सोपं आहे. संकष्टीला चंद्रोदयाची वाट बघत उपाशी बसणारे आपण! त्या दिवसापासून अमावस्येपर्यंत, आणि पुढे शुद्ध तृतीयेपर्यंत, संध्याकाळ कामाची. फक्त चंद्रोदय मुंबईचा नाही, सान हुआनचा बघा. जूनमध्ये तिथे सूर्यास्त सातच्या सुमारास होतो, तेव्हा कयाकची, म्हणजे वल्ह्याच्या छोट्या होडीची, पहिली फेरी अर्धी उजेडातच जाते, दुसरी मागा. डिसेंबरात सहाच्या आतच सूर्य बुडतो, पहिली चालते.

कोकणातल्या लाटा बहुतेक वेळा नॉक्टिल्युकाच्या. तो जीव वेगळा, आणि आज दिसला म्हणून उद्या दिसेल असं नाही. फाहार्दोची चमकती खाडी, लगुना ग्रांदे, खारफुटीने वेढलेली, समुद्राकडे चिंचोळी वाट असलेली. म्हणून तिथे हे जीव वर्षभर टिकतात. मोठ्या पावसानंतर गोडं पाणी शिरलं की चमक उतरते. वारा वाढला की कयाक रद्द होतात, तेव्हा निम्मे पैसे परत मिळणार का हे आधीच लेखी घ्या.

जंगलातून निघताना अंगाला डासांचं औषध किंवा सनस्क्रीन फासू नका, ते पाण्यात उतरून त्या जीवांना मारतं. लांब बाह्यांचा सदरा घाला. कोरड्या कपड्यांचे दोन जोड हवेत, एक डोहानंतर आणि एक कयाकनंतर. खाडीत पोहायला बंदी आहे. मोबाइलमध्ये फोटो सहसा नीट येत नाही, तो पिशवीतच राहू द्या.

मग एकत्र सहल कुणी घ्यावी? गाडी भाड्याने घ्यायची नाही, मुक्काम सान हुआनला, हातात एकच दिवस आणि तिथी अनुकूल, अशांनी. रात्री ओल्या अंगाने, दमलेल्या हातांनी तासभर गाडी चालवण्याची कटकट वाचते, खरी किंमत तिचीच. गाडी असेल तर जंगल सकाळी करा, दुपारी शिखरं ढगात जातात. जेवण वाटेवरच्या लुकियो गावातल्या टपऱ्यांवर, कयाक वेगळी ठरवा. आणि मुक्कामच फाहार्दोला असेल तर एकत्र सहलीचा विचारही करू नका, जंगल तिथून अर्ध्या तासावर आहे.