कुठल्या घाटानं जायचं?

नागपूरकराचं एक बरं असतं. त्याला समुद्र बघायचा म्हणजे रेल्वेचं तिकीट ज्या गावाचं मिळेल त्या गावचा बघायचा. कोल्हापूरकराची गत वेगळी. रत्नागिरी एकशेतीस किलोमीटर, मालवण दीडशेच्या थोडं पुढं. सकाळी मिसळ खाऊन निघाला तर जेवायच्या वेळेला माणूस पाण्यात पाय घालून उभा. आता एवढ्या जवळ असलेल्या गोष्टीचा निर्णय घेणं सोपं असावं की नाही? पण सह्याद्रीनं आम्हाला आंबा, अणुस्कुरा, भुईबावडा, करूळ, फोंडा, आंबोली, तिलारी असे एक सोडून सात दरवाजे देऊन ठेवलेत, आणि आमच्या घरात मतं असलेली माणसंही साधारण तेवढीच आहेत.

दिवाळीच्या सुट्टीत समुद्राला जायचं, यावर चकलीचा पहिला घाणा तळून व्हायच्या आत एकमत झालं. आई म्हणाली, "जाऊया की." पोरं ओरडली. तात्यांनी, म्हणजे माझ्या चुलत्यांनी, मान हलवली. एवढ्यावर सगळे उठून गेले असते तर बरं झालं असतं. पण बायकोनं विचारलं, "कुठल्या?"

परदेशाचा विषय मी आधीच बाद केला होता. आपल्याच देशात एवढा किनारा असताना बाहेर कशाला, असं मी जरा आवाज चढवून म्हणालो. किती किनारा, हे माझ्या आठवीतल्या पोरानं लगेच सांगितलं. आम्ही शाळेत ७,५१७ किलोमीटर पाठ केला होता. तो म्हणाला, "पप्पा, ते जुनं झालं. आता ११,०९८ आहे." मला वाटलं, पोरगं चेष्टा करतंय. पण गृह मंत्रालयाच्या २०२३-२४ च्या अहवालात खरंच तसं छापलंय. देशाला नवीन जमीन मिळालेली नाही, की समुद्र आत आलेला नाही. आधीचं मोजमाप फार ढोबळ नकाशावर केलेलं होतं, या खेपेला बारीक नकाशा घेतला, आणि प्रत्येक खाडीचं, प्रत्येक खाचेचं वळण मोजायला सापडलं. आमच्या महाराष्ट्राचा ७२० म्हणून घोकलेला किनारासुद्धा ८७७ च्या पुढं गेला. आधीच निवड होईना, त्यात सरकारनं साडेतीन हजार किलोमीटर वाढवून दिले.

पोरगी पुण्याला शिकते, त्यामुळं तिची नजर लांबवर असते. तिनं मोबाईलवर निळंशार पाणी दाखवलं. अंदमान. हॅवलॉक, म्हणजे आताचं स्वराज द्वीप, आणि तिथला राधानगर बीच. तात्यांना अर्धंच ऐकू आलं. "राधानगरी? मग त्येला एवढा खल कशाला? धरणाजवळ डाकबंगल्यात ऱ्हाऊया की." त्यांना नकाशा दाखवला, बंगालचा उपसागर दाखवला, विमानाचं भाडं मात्र दाखवायचं टाळलं. ते त्यांनी स्वतःच विचारलं. ऐकल्यावर बराच वेळ सुपारी कातरत बसले आणि म्हणाले, "पूर्वी काळ्या पाण्याला माणसं सरकारच्या खर्चानं जायची. तू आमास्नी आमच्या पैशानं पाठवायलीस."

अंदमान तिथंच बुडालं. लक्षद्वीप त्याच्या मागोमाग गेलं, कारण तिथं जायला परवाना काढावा लागतो. तात्यांचा ऊस शिरोळात तोडीला आलेला. कारखान्याची तोड कधी मिळणार, टोळी कधी फडात उतरणार, या चिंतेत असलेल्या शेतकऱ्याला आणखी एका परवान्याची गोष्ट सांगणं बरं दिसत नाही.

आईचा हिशेब सरळ होता. समुद्र असू दे, पण काठाला देव पाहिजे. नुसतं पाणी बघून काय मिळणार? त्यामुळं तिच्या नकाशात पुरी होती, रामेश्वर होतं, द्वारका-सोमनाथ होतं. जवळचं म्हटलं तर गोकर्ण, मुरुडेश्वर, कुणकेश्वर आणि गणपतीपुळे. आपल्या देशात समुद्राकाठी देव इतक्या सोयीनं बसलेत की या अटीनं काहीच गळत नाही, हे तिच्या लक्षात आलं नव्हतं. पोरीनं मात्र पुरीचा धागा पकडला. पुरीला जाणारच असू तर ओडिशातलंच चांदीपूर करू, तिथं ओहोटीला समुद्र पाच-पाच किलोमीटर मागं जातो, आणि आपण समुद्राच्या तळावरून चालायचं.

तात्या उठून बसले. "म्हंजे आपन दोन रात्री रेल्वेत काढून तितवर जायाचं, आन् त्यो मागं सरकणार?"

या प्रश्नाला माझ्याकडं तरी उत्तर नव्हतं.

खरं म्हणजे पूर्वेच्या समुद्राची ओढ आमच्या मातीतच आहे. आमची नदी बघा. कुंभी गगनबावड्याकडच्या डोंगरात उगम पावते. कड्याच्या पलीकडं कोकण, त्याच्या पलीकडं अरबी समुद्र. दुसऱ्या कुठल्या गावची नदी असती तर कड्यावरून उडी मारून संध्याकाळपर्यंत समुद्राला मिळाली असती. आमची पाठ फिरवून कोल्हापुराकडं येते, पंचगंगेत शिरते, नरसोबाच्या वाडीला कृष्णेला भेटते आणि कर्नाटक, तेलंगण, आंध्र पालथं घालून बंगालच्या उपसागराला जाते. जवळचं सोडून लांबचं निवडायचं, आणि वाटेत देवाला थांबायचं. आमच्या आईला त्या नदीचं फार कौतुक आहे, यात नवल नाही.

पावसाळ्यात तर समुद्रच आमच्याकडं येतो. जुलै-ऑगस्टात सगळं कोल्हापूर फुटांत बोलतं. राजाराम बंधाऱ्याला ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका, आणि राधानगरीची स्वयंचलित दारं किती उघडली यावर चहाच्या गाड्यावर परिसंवाद. २०१९ ला पाणी पंचावन्न फुटांच्या वर गेलं होतं. तात्यांच्या उसात तेव्हा पाणी असं पसरलं होतं की पलीकडचा काठ दिसत नव्हता. ते म्हणतात, "आमी समुद्र घरबसल्या बगितलाय. फकस्त भेळवाला नव्हता." भेळवाल्यासाठी रंकाळा आहे, तिथं चौपाटीही आहे, आणि तिला चौपाटी म्हणताना आम्हाला कसला संकोच वाटत नाही.

बायको इतका वेळ गप्प होती. ती गप्प असते तेव्हा माहिती गोळा करत असते. "मी सांगतो ऐका," ती म्हणाली. तिला ब्लू फ्लॅग सापडला होता. पाणी स्वच्छ, जीवरक्षक हजर, कपडे बदलायला जागा आणि स्वच्छतागृह धड असेल अशा किनाऱ्यांना हा निळा झेंडा मिळतो. आपल्याकडच्या आठ किनाऱ्यांना तो २०२० साली एकदम मिळाला. त्यातले कर्नाटकातले दोन, कासरकोड आणि पडुबिद्री, तिनं कागदावर लिहून आणले होते. देव, नकाशे, घाट यातलं काहीही तिला नको होतं. तिच्या दोनच अटी होत्या. बाथरूम चांगलं पाहिजे, आणि तिथं गेल्यावर कुणी तिला "जरा चहा टाक" म्हणायचं नाही. सगळ्या चर्चेतली हीच एक समंजस मागणी होती, त्यामुळं तिच्यावर कुणी फारसं बोललंच नाही. तात्या फक्त म्हणाले, "सोच्छ हाय म्हंजे गर्दी नसणार. गर्दी नाही म्हंजे खायाला मिळणार नाही."

गोव्याचं नाव कुणीच काढलं नाही. कोल्हापुरात घरच्या बैठकीत गोव्याचं नाव काढायचं नसतं. तिकडं पुरुष मित्राच्या लग्नाला जातात, मशिनरीच्या प्रदर्शनाला जातात, कुणाची तरी जुनी गाडी बघायला जातात. सहकुटुंब जायचं म्हटलं की तिथल्या रस्त्यांची नको इतकी माहिती तोंडातून बाहेर पडायची भीती असते. मी काजू आणण्याविषयी काहीतरी बोललो, तेवढ्यात बायको म्हणाली, "तुमचं झालंय की सगळं बघून." विषय बदलला.

घरात तोडगा निघेना म्हणून मी तालमीच्या कट्ट्यावर गेलो. कोल्हापुरात जो प्रश्न घरी सुटत नाही तो कट्ट्यावर न्यायचा असतो. तिथंही तो सुटत नाही, पण माणसाला आपण एकटे नाही असं वाटतं. मी विचारलं, समुद्राला कुठं जावं? पहिल्याच माणसानं उलटं विचारलं, "कुठल्या घाटानं?"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कोल्हापूरकर समुद्र निवडतच नाही. तो घाट निवडतो, आणि त्या घाटाच्या तळाला जो समुद्र पडलेला असेल तो घेतो. कट्ट्यावर सरळ पक्ष पडलेत. आंब्याचे लोक मलकापूर-साखरप्यावरून रत्नागिरीत उतरतात. त्यांना गणपतीपुळे, आरे-वारे आणि मोठ्या झालेल्या रस्त्याचा अभिमान. करूळवाले वैभववाडीमार्गे देवगड, विजयदुर्ग, कुणकेश्वर गाठतात. २०२४ मध्ये रुंदीकरणासाठी घाट बंद झाला तेव्हा त्यांच्या पक्षाची अवस्था चिन्ह गोठवल्यासारखी झाली होती. वर्षभर त्यांना फोंड्यानं जावं लागलं आणि ते अजून त्याबद्दल बोलत नाहीत. फोंडावाले राधानगरी-दाजीपूर करत कणकवलीला जातात आणि दर खेपेला गवा दिसल्याचं सांगतात. गाडीतल्या बाकीच्यांना तो कधी दिसलेला नसतो. आणि आंबोलीवाले. हे आजऱ्यावरून सावंतवाडीला उतरतात, घरी वेंगुर्ला किंवा शिरोडा सांगून निघतात, आणि पुढं त्यांची गाडी कुठं वळते ते गाडीलाच ठाऊक.

समुद्राबद्दल तिथंही कुणी चकार शब्द काढला नाही. वळणं किती, वडा कुठं गरम मिळतो, डिझेल कुठल्या पंपावर भरायचं, यावर तासभर गेला. आमच्यात एक इतिहासवाला आहे. त्यानं शेवटी हात वर केला आणि सांगितलं, मालवण आणि सिंधुदुर्ग किल्ला कोल्हापूरच्या गादीकडं होता. १८१२ च्या तहात इंग्रजांना द्यावा लागला. "म्हणजे आपलंच हाय ते," तो म्हणाला. "आपल्या घरात जायला खोली कसली बुक करायलाईस?" यावर टाळ्या पडल्या. खोलीचं भाडं मात्र कुणी देऊ केलं नाही.

रेल्वेनं जाऊ म्हणायचीही सोय नाही. कोल्हापूर-वैभववाडी रेल्वे व्हायची आहे, असं आम्ही लहानपणापासून ऐकतोय. कोल्हापुरातून रेल्वेनं तिरुपतीला जाता येतं, पण डोंगर उतरून कणकवलीला जाता येत नाही.

घरी परतलो तर वेगळाच सोहळा चाललेला. आई भिंतीवरचं कॅलेंडर काढून मांडीवर घेऊन बसली होती आणि भरती मोजत होती. तिच्या माहेरी शेजारीण रत्नागिरीकडची होती, तिनं शिकवलेलं गणित. तिथीला तीननं गुणायचं, चारनं भागायचं, येईल त्या वाजता भरती. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. आम्ही भाऊबीज करून पंचमीला पोचणार, म्हणजे पावणेचार. पोरीनं फोनवर बघितलं, तिथं थोडी अलीकडची वेळ होती. आईनं फोन चुकलाय असं जाहीर केलं. पोरगं तीन चोक बारा करत सगळ्या तिथ्या वहीत उतरवून घेत होतं. दिवाळीच्या अभ्यासाला त्यानं एवढा वेळ कधी दिला नाही. सगळ्यांना भरतीची वेळ माहीत होती. भरती कुठल्या गावाला येणार, हे तेवढं ठरायचं राहिलं होतं.

अशात गाडीवाले मामा आगाऊ रक्कम न्यायला आले. क्रूझर त्यांचीच ठरवली होती, कारण अकरा माणसं, फराळाचे डबे, आणि कांदा-लसूण चटणीची बरणी एवढं साध्या गाडीत मावत नाही. मामांनी चहा घेतला, आमचं सगळं ऐकलं. अंदमान ऐकलं, निळा झेंडा ऐकला, तीन भागिले चार ऐकलं. मग बशी खाली ठेवून म्हणाले, "फोंड्यानं जाऊया."

"का हो?"

"कणकवलीत पोरगी दिलीया. तिचा फराळ पोचवायचा हाय. ततनं तुमी म्हणशीला तिकडं सोडतो."

कणकवलीतून तुम्ही म्हणाल तिकडं म्हणजे मालवण. पुढं तारकर्ली. चर्चा मिटली. आईला किल्ल्यातलं शिवराजेश्वर मंदिर चाललं, पोरांना पाण्याखाली जायचं होतं ते जमलं, बायकोनं फोनवरून बाथरूमचे फोटो मागवून ते मोठे करकरून बघितले आणि मान हलवली. तात्यांची एकच अट राहिली: टोळी आली असा फोन आला तर गाडी जिथं असेल तिथनं माघारी. ऊसदराच्या आंदोलनात चक्काजाम झाला तर काय, हे कुणी विचारलं नाही, कारण आंदोलनात तात्याच बसलेले असतात.

मी घरगुती निवास चालवणाऱ्या मालवणच्या गृहस्थांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. ते उत्साहानं सांगत होते. सुरमई ताजी, बांगडा तिरफळ घालून, सोलकढी हवी तेवढी, सकाळी घावणे-चटणी. तात्यांनी हात पुढं करून फोन घेतला.

"त्ये समदं ऱ्हाऊ द्या. मटण मिळतंय काय?"

पलीकडं क्षणभर शांतता. मग आवाज आला, "अवो, लोक हय मासे खाऊक येतत."

"येऊ देत की. आमास्नी मटण. आन् पांढरा रस्सा जमंल का तुमच्यात? न जमला तर ऱ्हाऊ दे, आमच्या सुनंला येतोय."

बायकोनं माझ्याकडं बघितलं आणि कासरकोडचा कागद परत पर्समधून बाहेर काढला.