नऊ किलो अण्णा

आज विट्यात दादाच्या नव्या बंगल्याची वास्तुशांत झाली. जेवणं उरकल्यावर मी सहज विचारलं, माळ्यावरची अण्णांची ट्रंक कुठाय? वहिनी म्हणाली, "ट्रंक आहे की, गहू भरलेत त्यात. कागदं परवा रद्दीत दिली. नऊ किलो भरली."

नऊ किलो. बारा रुपये भावानं.

तशीच पैठणीवर रद्दीवाल्याकडं गेले. गठ्ठा सांगलीला पोचलेला. एक वही तेवढी वाचली, कारण मागच्या कोऱ्या पानांवर त्याचा पोरगा हिशेब लिहीत होता. दादाला फोन केला तर म्हणतो, "आक्का, कागदाला काय सोनं लागलंय का?"

हे कोण बोलतंय? गलाईवाल्याचा, म्हणजे सोनं-चांदी आटवून शुद्ध करणाऱ्याचा पोरगा! अरे, दुकानाचा केरसुद्धा आपल्या लोकांनी कधी फेकला नाही. झाडलेली धूळ, भट्टीची राख, हात धुतलेलं पाणी, सगळं साठवून त्यातनं गुंजभर सोनं काढलं. आणि बापाचं अक्षर रद्दीत घातलं.

खानापूर, आटपाडी, माण, खटाव, हे आपले दुष्काळी तालुके. पाऊस नाही, कृष्णाकाठासारखा ऊस नाही. माणसं मूस आणि भाता घेऊन केरळपासून पार उत्तर प्रदेशापर्यंत गेली. बहात्तरच्या दुष्काळानंतर अण्णा केरळात त्रिशूरला गेले. आता टेंभू उपसा योजनेचं पाणी आलंय, बंगले झालेत. मेळाव्यांत फेटे बांधतो, सत्कार करून घेतो. पण पहिल्यांदा गेलेला माणूस झोपला कुठं, भाषा कशी शिकला, तेजाबाच्या, म्हणजे ॲसिडच्या धुरानं किती जणांची छाती गेली, हे लिहिलेलं कुठं सापडतं का? विटा-आटपाडीत तसं एक कपाट तरी आहे का?

कोल्हापूरशेजारी वळिवड्याला १९४३ ते १९४८ पाचेक हजार पोलिश निर्वासित राहिले. जेमतेम पाच वर्षं! पण तिथल्या आठवणी त्यांनी म्हातारपणापर्यंत जमवल्या, पुस्तक काढलं. आपल्या तीन पिढ्या बाहेर गेल्या आणि आपल्याकडं काय आहे? वास्तुशांतीचे व्हिडिओ.

मान्य, हिशेबाच्या वह्या चारचौघांत ठेवायला कुणाला नको वाटतं. उधारी असते, नावं असतात, सोन्याची वजनं असतात. मग ती पानं झाका ना! बाकीची पत्रं, मनीऑर्डरीच्या पावत्या, भाड्याच्या चिठ्ठ्या यांचे फोटो काढायला काय जातं? आणि म्हातारी माणसं अजून बोलतायत तोवर मोबाईल समोर ठेवून त्यांना बोलतं करा. काढलेलं आपल्याच कपाटात कुलपात ठेवू नका. गावातल्या वाचनालयात ठेवा, शाळेतल्या पोरांना दाखवा, त्रिशूर-मदुरैला वाढलेल्या नातवंडांना पाठवा.

असो. वही समोर आहे. पहिल्या पानावर अण्णांनी रीत लिहून ठेवलीय: सोनं एक भाग, चांदी तीन भाग, एकत्र आटवून तेजाबात. चांदी विरघळते, तळाला तपकिरी भुकटी राहते, ते सोनं. पुढच्या पानावर मल्याळम शब्द, देवनागरीत. 'एत्र' म्हणजे किती. 'नाळे' म्हणजे उद्या. 'वेळ्ळि' म्हणजे चांदी, 'वेळ्ळम' म्हणजे पाणी, आणि या दोन्हीखाली दोन-दोन रेघा. कुणाकडं तरी पाणी मागायला गेले असतील आणि चांदी मागून बसले असतील. एकटीच हसले, मग रडूच आलं.

मला आजीकडं गावात ठेवलं होतं. अण्णा म्हणजे मे महिन्यातले पंधरा दिवस, केळ्याच्या वेफर्सचा वास आणि पिवळी पडलेली बोटं. दादा तिकडंच चौथीपर्यंत शिकला. रोज दुकानात बसायचा. त्याला कागदं कशाला लागतील? हे मला आत्ता लिहिताना सुचतंय. दुपारी मी त्याला फार बोलले.

शेवटच्या पानावर अण्णांच्या अक्षरात नसलेल्या चार ओळी आहेत, मल्याळममध्ये. खाली ५३५ हा आकडा. मघाशी दादाचा फोन आला. रागावलेलाच होता. म्हणाला, "फोटो पाठव त्या पानाचा. बघतो वाचता येतंय का."

पाठवलाय. दोन निळ्या टिका आल्यात, अजून उत्तर नाही.