फाटकासमोरच्या कुंड्या

नागपूरच्या आमच्या ले-आउटमध्ये, म्हणजे वसाहतीत, शुक्रवारी रात्री कोणीतरी सात गाड्यांच्या काचा फोडल्या. रविवारी तर्री-पोह्यांच्या प्लेटा हातात यायच्या आधीच साहेबांनी तोंड उघडलं. "मी सांगत होतो. बाहेरच्यांना ले-आउटमध्ये गाड्या लावू देऊ नका. आता भोगा."

"फुटल्या त्या तर सगळ्या इथल्याच ना, साहेब," वकील म्हणाले.

"सगळ्या नाही," म्हणत साहेबांनी ठेल्याकडे मान वळवली.

ठेल्याच्या पलीकडे व्हॅनवाला भाऊ उभा होता. शुक्रवारी रात्री फुटलेल्या सात गाड्यांत त्याची शाळेची व्हॅन आहे. मागची काच आणि उजवीकडची एक, दोन्ही गेल्या. शनिवारी त्याने पोरं दुसऱ्याच्या व्हॅनमध्ये पाठवली आणि त्याचं भाडं स्वतःच्या खिशातून दिलं. तो मागच्या गल्लीत राहतो. तिथं व्हॅन शिरत नाही, म्हणून मोठ्या रस्त्यावर लावतो. साहेबांचा 'बाहेरचा' तो हाच. त्याने मान खाली घातली तेव्हा मला फार वाईट वाटलं. मी काही बोलणार, तेवढ्यात लाइनमनकाकांनी प्लेट कट्ट्यावर ठेवली.

"कोन बाहेरचा बे? भाऊ तुमच्या आधीपासून इथं राहून राहिला."

"मी जनरल बोललो."

"मंग मी पेशल बोलतो. तुमच्या पोर्चमधी ब्युटी पार्लर हाय नं, त्याचं कमर्शियल मीटर कोनं लावलं? म्या लावलं. तवा तिथं तुमची गाडी उभी होती, ती काढून मले भिंत मोकळी करून देली होती. आता तिथं बायांच्या भुवया कोरून राहिले अन् गाडी रस्त्यावर. बाहेरची गाडी तं तुमची हाय, साहेब."

कट्ट्यावर जो हशा पिकला त्यात व्हॅनवाला भाऊ सामील झाला नाही. लाइनमनकाकांनी अख्खी नोकरी वीज मंडळात काढली. या ले-आउटमधल्या निम्म्या घरांची मीटरं त्यांच्या हातची आहेत. कोणी पोर्च बंद करून दुकान काढलं, कोणी गॅरेजमध्ये ट्यूशन क्लास भरवला, कोणत्या फ्लॅट स्कीमच्या पार्किंगमध्ये किराणा आला, हे त्यांना कोणत्याही कार्यालयापेक्षा जास्त ठाऊक आहे. स्वतः अजून सायकलवर फिरतात. या भांडणात त्यांचं काही अडकलेलं नाही, म्हणूनच त्यांना सगळ्यांत स्वच्छ दिसतं, असं माझं मत आहे.

साहेब आता रस्त्याच्या उंचीवर आले. ते नेहमीच येतात. "गाडी आत जाईल कशी? सिमेंट रस्ता दीड फूट वर आला. फाटकातून उतरवली की बंपर घासतो. आणि 2023 चा पूर विसरले का? 23 सप्टेंबरला अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला तेव्हा माझ्या साडूची गाडी पार्किंगमध्ये छतापर्यंत बुडाली. घराच्या आत उभी होती म्हणून बुडाली!"

हे खोटं नाही. आमच्याकडे जुना डांबरी रस्ता न खोदताच वर सिमेंटचा थर चढवला. तेव्हापासून पावसाळ्यात अंगणात पाणी शिरतं आणि लहान गाडी आत घ्यायलाही धाकधूक होते. अंबाझरी ले-आउट, कॉर्पोरेशन कॉलनीकडच्या लोकांनी त्या पहाटे जे भोगलं, त्यानंतर उंच रस्त्यावर गाडी लावणाऱ्याला मी लगेच दोषी म्हणणार नाही.

पण काकांनी तेही सोडलं नाही. "रस्ता तं सगळ्याइच्याच घरासमोर वर आला. आमी उतार फाटकाच्या आत केला, तुमी रस्त्यावर केला. चार फूट पुढं. त्याच्यापुढं तीन कुंड्या. त्याच्यापुढं गाडी. साहेब, अजून थोडे पुढं आले तं समोरच्याच्या हॉलमधी निघसान."

"कुंड्या पर्यावरणासाठी आहेत."

"वाळलेल्या तुळशीच्या?"

पिंट्या इतका हसला की त्याला तर्रीचा ठसका लागला. साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं आणि राग तिकडे वळवला. "तू हसू नको. रात्री बाराला तुझी बुलेट फटाके फोडत येते. काचा तर तिच्या आवाजानेच फुटत असतील."

"अन् ताईच्या लग्नात तुम्ही तीन दिवस मांडव टाकून रस्ता बंद केल्ता, तेव्हा आम्ही चौकात गाड्या लावल्या नं?" पिंट्याही तयारीतच होता. "माझी डीपीखाली लावलेली. कावळ्यांनी पार चुना लावून टाकला होता."

"लग्नात जेवला ना?"

"जेवलो. पनीर कच्चं होतं."

इथून पाच-दहा मिनिटं पनीरवर गेली. केटरर कोण होता, त्यापेक्षा सावजीवाला आणला असता तर किती बरं झालं असतं, आणि साहेबांच्या व्याह्यांनी त्यावर काय तोंड केलं असतं. वकिलांनी गाडी परत रुळावर आणली.

"मुद्द्याचं बोला. फुटेजमध्ये काय आहे?"

पिंट्याने मोबाइल काढला. दोन पोट्टे, एक दुचाकी, तोंडाला दुपट्टे, हातात रॉड. नंबर प्लेट चिखलाने माखलेली. पिंट्याच्या मते ते पलीकडच्या वस्तीतले, दारूच्या नशेतले. साहेबांच्या मते कोणीतरी सुपारी दिली. मला दोन्ही पटलं नाही. तोंडं दिसत नाहीत तोवर एखाद्या वस्तीवर बोट ठेवणं हा अन्याय आहे, आणि हे मी तिथं बोललोही.

"एक सांगू का?" पिंट्या म्हणाला. "साहेबांच्या गाडीला धक्का नाही लागला. फक्त साहेबांच्याच."

साहेब खुर्चीतून उठलेच. "माझ्यावर संशय घेतो काय बे?"

"नाई हो, बसा," काका म्हणाले. "गाडी कव्हरात होती. कव्हरावर मारलं तं काच फुटल्याचा आवाज बरोबर येत नाई. पोट्ट्याइले मजा येत नसन."

मग वकिलांनी कायदा काढला. हा भाग मला महत्त्वाचा वाटतो, कारण काचा फुटल्यावर जो तो शिव्या देतो आणि कागद कोणीच करत नाही. भारतीय न्याय संहितेत हे कलम 324 खाली येतं. नुकसान वीस हजार ते एक लाखाच्या मधलं असेल तर दोन वर्षांपर्यंत शिक्षा, लाख किंवा जास्त असेल तर पाच. पण लाखाच्या आतला गुन्हा अदखलपात्र.

"म्हणजे ठाण्यात एनसी, अदखलपात्र नोंद, लिहून घेतील आणि हातात कागद देतील," वकील म्हणाले. "तपासाला कोर्टाचा आदेश लागतो. म्हणून एकेकट्याने जाऊ नका. एक रात्र, एकच टोळी, सात गाड्या, असं एकत्र मांडून पाहू, बेरीज लाखावर गेली तर. प्रत्येकाने काचेचं बिल जोडा."

"विमा?" कोणीतरी विचारलं.

"पूर्ण पॉलिसी असेल तर मिळतो. काचेवर घसाराही कापत नाहीत. पण क्लेम घेतला की नो क्लेम बोनस, म्हणजे हप्त्यातली सूट, गेला. पाच वर्षं क्लेम नसेल तर तो पन्नास टक्के असतो. तीन हजारांच्या काचेसाठी पुढच्या हप्त्यात त्याहून जास्त जाईल. हिशेब करून घ्या."

"माह्याकडं थर्ड पार्टीच आहे," व्हॅनवाला भाऊ पहिल्यांदा बोलला. "त्यात आपल्या गाडीचं काहीच नाही मिळत म्हणते."

कोणी काही बोललं नाही. वकिलांनी मान हलवली. खरंच काही मिळत नाही. ज्याची गाडी शोभेची त्याच्याकडे सगळे विमे, आणि ज्याची गाडी पोटाची त्याच्याकडे सरकारने सक्ती केलेला तेवढाच. रॉड मारणाऱ्यांनी नेमकं कोणाचं वाकडं केलं, हे त्यांना कोणीतरी समोर उभं करून दाखवायला पाहिजे.

"यावर एकच इलाज," पिंट्या म्हणाला. "जपानसारखं. तिथं 1962 पासून कायदा आहे. गाडी ठेवायची जागा दाखवा, मग गाडी घ्या. आपल्या परिवहन मंत्र्यांनीही मे 2025 मध्ये तेच सांगितलं होतं."

"उच्च न्यायालय त्याच्याही आधी, 2021 मध्ये बोललं," वकील म्हणाले. "एकाच घराला चार-चार, पाच-पाच गाड्या घेऊ देऊ नका, जागा नसेल तर. आणि 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की स्टिल्ट पार्किंग, म्हणजे इमारतीखालची खांबांमधली जागा, बिल्डरला वेगळं विकताच येत नाही. तरी आपल्या मागच्या स्कीममध्ये विकलंच ना?"

"अन् जागेचं प्रमानपत्र कोन देइन?" काकांनी विचारलं. "पोर्चमधी पार्लर पाहून ज्यानं डोये मिटले, तोच देइन नं? मंग साहेबाइले दोन गाड्याइचं भेटून जाइन. एक पोर्चमधी, एक कुंड्याइत."

"वकीलसाहेब, केस टाका ना याच्यावर," साहेब वैतागून म्हणाले.

"यांच्या भरवशावर?" काकांनी वकिलांकडे पाहिलं. "यांनी माह्या इन्क्रिमेंटची केस नऊ वर्सं चालवली. मी रिटायर झाल्यावर निकाल लागला. तवर तुमचं पार्लर मॉल होऊन जाइन."

वकील सगळ्यांत मोठ्याने हसले. त्या केसवरून पूर्वी दोघांचं बोलणं बंद होतं, हे आता कोणाला खरं वाटणार नाही.

मला मात्र एक गोष्ट बोलायचीच होती आणि मी बोललो. साहेबांच्या फाटकावर पाटी आहे: 'येथे गाडी लावल्यास हवा सोडण्यात येईल.' अशा पाट्या आमच्या रस्त्यावर घरोघरी आहेत. आपल्या फाटकाची वाट मोकळी हवी हे बरोबर आहे. दुसऱ्याच्या फाटकासमोर गाडी लावायला 2017 च्या ड्रायव्हिंग रेग्युलेशनमध्येच मनाई आहे, त्यासाठी वाहतूक पोलिसांना फोन करता येतो. पण फाटक सोडून कंपाउंडच्या शेवटच्या विटेपर्यंतचा रस्ता आपला, आणि तिथे कोणी थांबला तर त्याच्या गाडीला हात लावायचा आपल्याला हक्क, हे आपण पाटीवर रंगवून ठेवलं आहे. लहान पोरं ती पाटी वाचत मोठी होतात. शुक्रवारचे पोट्टे कोण होते मला माहीत नाही. पण दुसऱ्याच्या गाडीचं नुकसान करणं ही साधी गोष्ट आहे, हे त्यांना शिकवायला आपण पाट्या लावल्या आहेत. नऊ मीटरचा रस्ता, दोन्हीकडे गाड्या, त्यात उतार आणि कुंड्या. उन्हाळ्यात ॲम्ब्युलन्स कोपऱ्यावरच अडली आणि स्ट्रेचर चालत आणावं लागलं, तेव्हाही कोणी कुंडी उचलली नव्हती.

"तुम्ही मला त्या गुंडांच्या ओळीत बसवता?" साहेबांचा आवाज खाली आला होता.

"नाही. पाटी काढा म्हणतो."

"विचार करू."

"विचार करा, तवर पोळा येते," काका म्हणाले. काकांचं लहानपण इतवारीत गेलं, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इडापिडा घालवायला निघणारी मारबतीची मिरवणूक त्यांच्या अंगात आहे. त्यात सतावणाऱ्या गोष्टींचे बडग्या नावाचे पुतळे फिरवून जाळतात. "यंदा पार्किंगचा बडग्या काढू. एका हातात रॉड, दुसऱ्या हातात कुंडी."

"कापड किती लागेल?" पिंट्याने विचारलं.

"एक मीटर बी नाई. साहेबाइच्या गाडीचं कव्हर हाय नं."

पिंट्या कट्ट्यावर उभाच राहिला. "इडा पिडा, कुंड्या-पाट्या घेऊन जा गे मारबत!" पोहेवाल्यानेही सूर धरला. साहेब आधी गप्प होते, मग त्यांच्याच पोटाला हसू आवरेना. हसता हसता म्हणाले, "कव्हर देतो, पण चेहरा माझा नका लावू."

"बडग्या न्यायचा कशात?" व्हॅनवाल्या भाऊने विचारलं.

"तुह्याच व्हॅनमधी," काका म्हणाले. "मागची काच नाईच, बडग्याचे पाय बाहेर काढाले सोपं पडन."

आता मात्र भाऊही हसला, ठेल्याला हात टेकून हसला. त्याच्या काचेसाठी काकांनी पोह्याच्या प्लेटेखाली पाचशेची नोट ठेवली, मग एकेकाने ठेवली. साहेबांनीही ठेवली. कुंड्यांचं काही ठरलं नाही. सोमवारी साडेदहाला बिलं घेऊन सगळ्यांनी ठाण्यात जायचं, तेवढं ठरलं. पायीच जायचं, असं वकील म्हणाले, कारण ठाण्यासमोरचा रस्ता जप्तीच्या गाड्यांनी भरलेला आहे.